एकाच बॅटरीतून अधिक-उणे सप्लाय

आमच्या भजनी मंडळाच्या पखवाजासाठी आणि वीणेसाठी मी एक छोटा प्रीअँप (अँप्लिफायरच्या आधी बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) बनवला. दोन टीएल ०७२ ऑप-अँप आयसी, आणि सर्किट आखलं होतं अधिक-उणे सप्लायवर, म्हणजे ग्राउंडच्या वर एक व्होल्टेज आणि खाली एक. दिंडीत मात्र हाताशी असते ती १२ व्होल्टची एकच बॅटरी.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला: १२ व्होल्टचे दोन भाग करायचे आणि मधल्या बिंदूला ग्राउंड म्हणायचं. नुसते दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून भागत नाही. त्या जोडीचा रोध मधल्या बिंदूला ५ किलोओहम दिसतो, म्हणजे ग्राउंडमधून फक्त १ मिलिअँप वाहिला तरी बिंदू ५ व्होल्टने सरकतो. म्हणून त्यापुढे एक ऑप-अँप बफर लावायचा, म्हणजे व्होल्टेज तेच ठेवून करंट स्वतः पुरवणारा: मधला बिंदू अधिक इनपुटला, आउटपुट परत उणे इनपुटला. आउटपुटला मोठा कंडेन्सर थेट जोडू नका, बफर थरथरायला लागतो; मध्ये २२ ओहम घाला. काही मिलिअँपपर्यंत हे उत्तम चालतं. घरी टेबलावर अ‍ॅडॉप्टर लावून तपासलं, ±६ व्होल्ट अगदी बरोबर.

देवळात प्रीअँप आणि अँप्लिफायर एकाच बॅटरीवर जोडले आणि पखवाजाचा आवाज फाटला. बफरच्या आयसीला बोट लावलं तर चटका बसला. कारण कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. अँप्लिफायरचं ग्राउंड म्हणजे बॅटरीचं उणे टोक. जॅकच्या शील्डमधून (केबलच्या बाहेरच्या ग्राउंडच्या तारेतून) माझा मधला ग्राउंड थेट त्याच टोकाला जाऊन चिकटला होता. खालचे ६ व्होल्ट शॉर्ट, आणि बफर बिचारा ते वर उचलायला जिवाच्या आकांताने करंट ढकलत होता.

म्हणून सर्किट आखण्याआधी एवढंच विचारा: पुढचं उपकरण याच बॅटरीवर चालणार आहे का? वेगळ्या बॅटरीवर असेल तर मधला ग्राउंड खुशाल वापरा. एकाच बॅटरीवर असेल तर ग्राउंड बॅटरीच्या उणे टोकालाच ठेवा आणि उणे व्होल्टेज नव्याने तयार करा.

त्यासाठी आयसीएल ७६६० एस घ्या; हा आयसी अधिक व्होल्टेजपासून तेवढंच उणे व्होल्टेज तयार करतो. साधा ७६६० फक्त १० व्होल्टपर्यंतचा आहे, एस १२ पर्यंत चालतो. चार्जिंगला लावलेली बॅटरी १३.८ व्होल्टपर्यंत चढते, म्हणून आधी ७८०९ रेग्युलेटर लावून ९ व्होल्ट करून घ्यायचे. हे ९ व्होल्ट ७६६० एसच्या ८ नंबरच्या पिनला, ३ नंबर ग्राउंडला. २ आणि ४ यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, अधिक टोक २ कडे. ५ नंबरवर उणे ९ व्होल्ट मिळतात. १, ६ आणि ७ मोकळ्या सोडा.

५ नंबरच्या पिनपासून ग्राउंडपर्यंत दुसरा १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर येतो. त्याचं अधिक टोक ग्राउंडला जातं! हात सवयीने उलटं लावतो, आणि उलटा लागलेला इलेक्ट्रोलिटिक फुगतो. माझा एक फुगला आहे.

हा आयसी आत साधारण ५ किलोहर्ट्झने कंडेन्सर भरत-रिकामा करत असतो, आणि ती बारीक शिट्टी वीणेच्या तारेमागे स्पष्ट ऐकू येते. उणे लाइनवर ४७ ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (याचंही अधिक टोक ग्राउंडलाच) लावल्यावर ती गेली. दोन टीएल ०७२ मिळून ६ मिलिअँपच्या आसपास ओढतात. आयसीचा आतला साधारण ६० ओहमचा रोध आणि हे ४७ ओहम धरून सुमारे ०.६ व्होल्ट कमी होतात. उणे ८.४ प्रीअँपला पुरेसे आहेत. स्पीकर चालवायचा असेल तर हा मार्ग नाही.

टीएल ०७२ बसवण्याआधी त्यांच्या रिकाम्या सॉकेटवर मीटर लावा: ८ नंबरवर अधिक ९, ४ नंबरवर जवळपास उणे ९. मग जॅक अँप्लिफायरला जोडून हेच दोन आकडे पुन्हा पाहा. हलले नाहीत, तरच आयसी बसवा.