गोव्यात टूर मॅनेजर व्हायचंय? आधी कॉस्टिंग शिका

बारावीनंतर ट्रॅव्हल-टुरिझमकडे वळणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र असतं: हातात झेंडी घेऊन गटाच्या पुढे चालणारा माणूस. त्याच्यामागचं ऑफिसातलं टेबल कुणाला दिसत नाही. सहल नीट पार पडणार की फसणार, हे मात्र बरंचसं त्या टेबलावरच ठरलेलं असतं. म्हणून नव्यांना आमचं सांगणं असं की निदान एक सीझन ऑपरेशन्समध्ये, म्हणजे त्या टेबलावर, काढा, मग टूरवर जा.

कामं तीन आणि ती वेगवेगळी. गाईड जागेची माहिती सांगतो. टूर मॅनेजर पहिल्या पिकअपपासून शेवटच्या ड्रॉपपर्यंत गटाबरोबर असतो. खोल्या, गाड्या, जेवण, वेळ आणि माणसांचे मूड, सगळं त्याच्या गळ्यात. ऑपरेशन्सवाला आधी दर मिळवतो, आयटिनररी म्हणजे दिवसवार कार्यक्रम बांधतो आणि हॉटेल-गाड्यांची व्हाउचर काढतो. गोव्यात गाईडला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी 1982 चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. नोंदणी नसताना टूर मॅनेजरने बॉ जेझूस बॅसिलिकात गटापुढे उभं राहून इतिहास सांगायला घेतला, तर परवानाधारक गाईड हरकत घेतात आणि ती रास्तच असते.

शिक्षणाचं थोडक्यात. ग्वाल्हेरला मुख्यालय असलेली भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था 1983 ची. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था तिचाच भाग. पॉवरबोट, लाइफसेव्हिंग असं काही करायचं असेल तर तिथे चौकशी करा. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून आलेली मुलं हॉटेलची बाजू आतून ओळखून येतात, हा त्यांचा मोठा फायदा. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूचे पर्यटनाचे अभ्यासक्रम आहेत. तिकिटिंगमध्ये जायचं असेल तर अमाडेउस किंवा गॅलिलिओ यांपैकी एका आरक्षण प्रणालीवर हात बसलेला हवा. पदवी कुठलीही चालते, पण एक्सेल येत नसेल तर टेबलावर कुणी बसवत नाही. आणि एक तिसरी भाषा घ्या. रशियन, जर्मन किंवा फ्रेंच कामापुरती बोलणाऱ्याला परदेशी पाहुण्यांची चार्टर विमानं येतात त्या महिन्यांत काम शोधावं लागत नाही.

आता कॉस्टिंग, म्हणजे सहलीचा खर्च मांडून दर काढणं. कॉलेजात याला एक-दोन तासिका मिळतात, आणि धंद्यात पैसे बुडतात ते इथेच. खर्च दोन प्रकारचे. डोईमागचा खर्च माणसं कमी झाली की कमी होतो: खोली, जेवण, प्रवेश तिकीट. गटाचा खर्च तेवढाच राहतो: बस, गाईड, टूर मॅनेजरची खोली. समजा 3 रात्री 4 दिवसांची सहल आहे, 30 पाहुणे, 15 खोल्या. बस दिवसाला 15,000, म्हणजे 60,000. गाईड दोन दिवसांचा, 7,000. हॉटेलने 15 खोल्यांवर एक खोली मोफत दिली, तीत टूर मॅनेजर राहील. गटाचा खर्च 67,000, माणशी 2,233. याच हिशेबाने दर जाहीर झाला आणि प्रत्यक्षात आले 22. आता खोल्या 11, त्यामुळे मोफत खोली गेली. टूर मॅनेजरच्या खोलीचे 4,000 च्या दराने तीन रात्रींचे 12,000 अंगावर आले. गटाचा खर्च 79,000, माणशी 3,591. वसूल झाले 22 गुणिले 2,233, म्हणजे 49 हजारांच्या आसपास. जवळजवळ 30 हजारांची खोट, तीही कुणाची चूक न होता. म्हणून दर काढताना 20, 25 आणि 30 असे तीन रकाने मांडायचे, जाहीर करायचा तो 20 माणसांवरचा, आणि वर भरलेल्या जागा हा नफा समजायचा.

कराचं एक लक्षात ठेवा. सहल-पॅकेजवर 5% जीएसटीचा पर्याय घेतला की हॉटेलने लावलेल्या कराची वजावट मिळत नाही. हॉटेलचा दर कॉस्टिंगमध्ये करासकट धरायचा. नवी मुलं कराविना दर धरतात आणि मग मार्जिन कुठे गेलं ते शोधत बसतात.

हॉटेलशी बोलताना जेवणाचा प्लॅन नुसता ‘जेवणासकट’ असा लिहून घेऊ नका. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळा. सेल्सवाल्याने ‘जेवण आहे’ म्हणून सांगितलं, हॉटेलने एमएपी धरला, आणि दुपारी दीड वाजता काणकोणच्या रस्त्यावर 30 माणसं भुकेली. हे भांडण बसमध्ये मिटत नाही. रूमिंग लिस्ट, म्हणजे कोणत्या खोलीत कोण याची यादी, हॉटेलला आठवडाभर आधी पाठवा. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच. डबल (एक मोठा पलंग) की ट्विन (दोन वेगळे), तिसऱ्या माणसाला गादी की वेगळी खाट, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना तळमजला, उपवास आणि जैन जेवण किती, हे सगळं त्याच कागदावर. निघण्याच्या 72 तास आधी फोन करून पुन्हा खात्री करा, आणि ज्याने होकार दिला त्याचं नाव टिपून ठेवा.

गोव्यात जन्मलो म्हणून गोवा ठाऊक आहे, हा भ्रम पहिल्या सीझनलाच उतरतो. रस्ते ठाऊक असतात, वेळा नसतात. विमानतळ दोन: दाबोळी म्हणजे जीओआय, आणि 2023 च्या जानेवारीत विमानं सुरू झालेलं मोपा म्हणजे जीओएक्स. दोघांत साठेक किलोमीटरचं अंतर. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून गाडी पाठवली की पाहुणा एका टोकाला आणि ड्रायव्हर दुसऱ्या. ड्रायव्हरच्या शीटवर तीन अक्षरी कोड आणि फ्लाइट नंबर दोन्ही लिहा. राहणं पाळोळेला असेल तर मोपाहून सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता आहे. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. रेल्वेनेही तेच होतं: कळंगुटच्या हॉटेलला थिवी सोयीचं, पण लोक सवयीने मडगावचं तिकीट काढतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, जूनपासूनच्या बुकिंगला ते पाहूनच पिकअप ठरवा.

दूधसागरला कुळ्याहून जीप. एका जीपमध्ये सात जण, म्हणजे 30 माणसांना चार पुरत नाहीत. पाचवी पूर्ण पैसे देऊन घ्यावी लागते, आणि कॉस्टिंग करणारा नेमकं हेच विसरतो. पावसाळ्यात जीप बंद असतात आणि रेल्वेरुळांवरून चालत जाणं बेकायदा आहे. पाहुण्यांनी व्हिडिओ दाखवून कितीही आग्रह केला तरी नाहीच म्हणायचं. जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थना) असते, तेव्हा तो दिवस तिथून सुरू करू नका. 3 डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त, त्या दिवशी बस जुन्या गोव्याकडे वळवू नये. मंगेशीला सोमवारी पालखी असते. गर्दी चालणार असेल तरच तो वार धरा. देवळांत आणि चर्चमध्ये अंग झाकणारे कपडे लागतात, हे आदल्या रात्रीच सांगा. सकाळी बसमध्ये सांगून उपयोग नसतो, बॅगा तोवर डिकीत गेलेल्या असतात.

पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत मोठी बस जात नाही. तिथे लोक राहतात, त्यांच्या खिडकीशी फोटोसाठी रांग लावू नका. महाराष्ट्रातून शेगडी-सिलिंडर घेऊन येणाऱ्या बसगाड्यांना एक वेगळी सूचना: पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला की दंड होतो. किनाऱ्यावर बाटली उघडली तरी होतो.

टूरवरचं एक काम दिसायला क्षुल्लक आहे, पण सर्वांत महत्त्वाचं: डोकी मोजणं. ‘सगळे आले का?’ असं कधीही विचारू नका. लोक आपल्या आसपासचे दिसले की ‘हो’ म्हणतात. मागून पुढे स्वतः चालत मोजा, आणि बस हलण्याआधी पुन्हा एकदा. जागा रोज दोन रांगा पुढे सरकवायच्या हा नियम पहिल्याच दिवशी जाहीर करा. तिसऱ्या दिवशी जाहीर केला तर तो पुढच्या सीटवाल्यांना शिक्षा वाटतो. गोळ्या आपल्या हातून देऊ नका, डॉक्टर गाठा.

मिळकतीचं खरं सांगायचं तर सुरुवातीचा पगार बेताचा असतो. टूरवर गेलात की भत्ता आणि टिप्स येतात. ऑक्टोबर ते मे कामातून उसंत नसते आणि जून ते सप्टेंबर काम आटतं, कारण किनाऱ्यावरचे शॅक (तात्पुरती उपाहारगृहं) आणि जलक्रीडा दोन्ही बंद असतात. त्या महिन्यांत परदेशी किंवा उत्तर भारतातल्या सहली करणाऱ्या कंपनीशी जोडलेले राहा, नाहीतर सांजांव, चिखलकाला, बोंदेरा अशा पावसाळी सणांचे कार्यक्रम विकायला शिका. दुकानांच्या कमिशनवर मात्र घर चालवायचं ठरवू नका. काजूच्या दुकानात दीड तास गेला की मिरामारचा सूर्यास्त हुकतो, आणि अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये सूर्यास्ताचंच लिहून येतं.

नोकरीचे अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये करा, सीझनसाठी माणसं तेव्हाच पाहिली जातात. बायोडेटासोबत स्वतः बांधलेली एक चार दिवसांची आयटिनररी जोडा: प्रत्येक टप्प्याची वेळ, किलोमीटर, कोणत्या दिवशी काय बंद असतं, आणि तीन रकान्यांतलं कॉस्टिंग.