प्रोजेक्ट करताय? आधी विषय बारीक करा

एमएच्या शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे प्रोजेक्टचा विषय घेऊन येतात, तो बहुतेक वेळा 'महाराष्ट्रातील पाणीप्रश्न' एवढा ऐसपैस असतो. त्यात जन्म जाईल! म्हणून आधी कॉम्प्युटर बंद. पीक कोणतं, तालुका कोणता, वर्षं कोणती, हे वहीत लिहायला लावते. 'माळशिरस तालुक्यातले ऊसवाले ठिबककडे का वळतात किंवा का वळत नाहीत' इथवर आलं की शोधायला बसायचं.

पहिला मुक्काम शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या या ऑनलाइन भांडारात देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात. मुलं थेट निष्कर्षाच्या प्रकरणावर उडी मारतात. मी सांगते, आधीच्या संशोधनाचा आढावा वाचा आणि संदर्भसूची चाळा. दुसऱ्या कुणीतरी चार-पाच वर्षं घालून केलेली शोधाशोध तिथे आयती मिळते. 'ठिबक सिंचन' देवनागरीत टाकून शोधा, मग तेच इंग्रजीतून. हाती वेगवेगळे प्रबंध लागतात.

संदर्भसूची मागे नेते, गूगल स्कॉलर या संशोधनलेख शोधायच्या साइटवरचं 'साइटेड बाय' पुढे. २००८ चा एखादा चांगला लेख सापडला की त्याचा आधार पुढे कुणी घेतला, ते तिथे दिसतं. लेखाला पैसे मागितले तर 'ऑल व्हर्जन्स' उघडा, कुठेतरी मोफत प्रत असू शकते. सरकारी विद्यापीठात असाल तर ग्रंथपालांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेबद्दल विचारा. जानेवारी २०२५ पासून त्यात सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत आणि तरी मुलं लेखांसाठी टेलिग्रामवर भीक मागत फिरतात.

चॅटजीपीटीने दिलेला प्रत्येक संदर्भ स्कॉलरवर तपासा. काही अस्तित्वातच नसतात. खरे तेवढे झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिल्या दिवसापासून.

ऑनलाइन कोर्सचं म्हणाल तर एका सत्रात एकच घ्या. चार कोर्सना नाव घालणारी मुलं तिसऱ्या आठवड्यात गायब होतात. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचे एनपीटीईएलचे (म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीच्या उपक्रमाचे) कोर्स शिकायला फुकट आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी भरावी लागते आणि केंद्रावर जाऊन बसावं लागतं. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरून २५ गुण, परीक्षेचे ७५. क्रेडिट हवे असतील तर नाव घालण्याआधीच विभागप्रमुखांना विचारा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करता येतात, पण नेमका कोणता कोर्स चालेल हे तुमचं विद्यापीठ ठरवतं.