‘तानाका नावाचा माणूस’ जपानीत कसा सांगावा

ऑफिसात तानाका नावाच्या कुणाचा तरी फोन येऊन गेला. साहेबांना निरोप द्यायचाय. जपानी नुकतंच शिकू लागलेला मराठी माणूस इथे हमखास ‘तानाका नो हितो’ म्हणून बसतो. ‘नावाचा’मधला ‘चा’ दिसला की जीभ आपोआप ‘नो’कडे, म्हणजे जपानीतल्या ‘चा-ची-चे’कडे वळते. ऐकणाऱ्याला वाटतं, हा तानाकाचा कुणी माणूस!

इथे हवं ‘तो यू’. आधी नाव, मग ‘तो यू’, मग ते काय किंवा कोण आहे ते. तानाका तो यू हितो, म्हणजे तानाका नावाचा माणूस. कामाकुरा तो यू माचि, कामाकुरा नावाचं गाव. लिहिताना ‘तो-इ-उ’ लिहितात, पण ‘इउ’ असं तोडून बोलू नका, ‘यू’च म्हणा.

‘इउ’ म्हणजे म्हणणे, आणि ‘तो’ म्हणजे साधारण आपलं ‘असं’. ‘गोपाळ म्हणून एक मुलगा होता’ हे आपण रोज बोलतो, त्यातलं ‘म्हणून’ म्हणजेच हे. शब्दांचा क्रमही तोच. इंग्रजीच्या वाटेने गेलात तर वाक्य उगाच उलटंपालटं करावं लागतं, मराठीतूनच जा.

मात्र नाव ऐकणाऱ्याच्या किंवा तुमच्या ओळखीचं नसेल तेव्हाच हे वापरायचं. जपानी माणसाला ‘तोक्यो तो यू माचि’ सांगणं म्हणजे पुणेकराला ‘पुणे म्हणून एक शहर आहे’ सांगण्यासारखं.

सराव घरच्या ताटावर करा. ‘कोरे वा पूरानपोरी तो यू ओकाशि देस’: ही पुरणपोळी नावाची मिठाई. (जपानीत ‘ळ’ नाही, त्याला इलाज नाही.) मग प्रश्न: ‘नान तो यू एकि देस का?’ म्हणजे कुठलं स्टेशन, नाव काय त्याचं? आणि एखादी वस्तू दाखवून ‘कोरे वा निहोंगो दे नान तो इइमास का?’, याला जपानीत काय म्हणतात? हा एक प्रश्न पाठ असला की बाजारात अर्धं काम होतं.

दोस्तांमध्ये ‘तो यू’चं नुसतं ‘त्ते’ होतं: तानाका त्ते हितो. स्वतःचं नाव सांगताना नम्रपणे ‘देशपांडे तो मोउशिमास’. स्वतःला ‘सान’ (नावामागे लावायचं आपल्या ‘जी’सारखं आदराचं) लावायचं नाही. दुसऱ्याला मात्र ‘सान’ हवंच, आणि ‘हितो’ऐवजी आदराचं ‘काता’.

आता तो निरोप: ‘तानाका-सान तो यू काता कारा ओदेन्वा गा आरिमाशिता.’ म्हणजे तानाका नावाच्या कुणाचा तरी फोन आला होता.