क्रँकचा कोन वेगळा, फायरिंगचं अंतर वेगळं: इंजिन शिकायला निघालेल्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडून आयटीआय किंवा डिप्लोमा करून इंजिनच्या कामात येणाऱ्यांना पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली चालीचं फिरणं करणारा दांडा) शिकवायची गरज नाही. मी बराच काळ जिथे अडकून पडलो होतो, थेट तिथेच येतो.

दोन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. क्रँक 180 अंशांचा, म्हणजे एक पिस्टन वर तर दुसरा खाली. वाटतं, फायरिंग, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन पेटणं, समान अंतराने होत असेल. होत नाही! फोर-स्ट्रोकचं चक्र दोन फेऱ्यांचं, 720 अंशांचं. पहिला सिलिंडर शून्यावर पेटला, दुसरा 180 वर. पुढे 360 ला पहिला परत वर येतो, पण तेव्हा त्याचा एक्झॉस्ट (धूर बाहेर टाकायचा स्ट्रोक) संपत असतो. 540 ला दुसऱ्याचंही तेच. पुढचं फायरिंग थेट 720 वर. म्हणजे अंतरं 180 आणि 540. उलट 360 च्या क्रँकमध्ये दोन्ही पिस्टन सोबत वर-खाली होतात आणि फायरिंग मात्र बरोबर 360-360. पहिल्यांदा हे डोक्यात बसत नाही, घाबरू नका. कागदावर 0 ते 720 ची रेघ ओढा, दोन्ही सिलिंडरचे चारही स्ट्रोक तिच्याखाली मांडा. रील बघून हे येत नाही, हाताने मांडूनच येतं.

आता रॉयल एनफिल्डची दोन सिलिंडरची 650 ऐका. क्रँक 270 चा, अंतरं 270 आणि 450. एकाच क्रँकपिनवरच्या (कनेक्टिंग रॉड जोडतात ती क्रँकची पिन) 90 अंशांच्या व्ही-ट्विनचीही, म्हणजे V आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनचीही, हीच अंतरं, म्हणून ठेका तसाच लागतो. शेतातला तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर दर 240 अंशांना पेटतो, म्हणून त्याचा आवाज सलग. एक सिलिंडरची बुलेट 720 अंशांत एकदाच पेटते, म्हणून प्रत्येक ठोका सुटा. सायलेन्सर कापणाऱ्या भावांनो, त्याने आवाज वाढतो, ठेका तोच राहतो. ठेका क्रँक आणि फायरिंगचा क्रम ठरवतात.

आवाजासोबत चालही बदलते. 180 किंवा 360 मध्ये दोन्ही पिस्टन एकाच क्षणी टोकाला थांबतात. 270 मध्ये एक थांबलेला असताना दुसरा जवळपास पूर्ण वेगात असतो. त्यामुळे फेऱ्याच्या दुप्पट वेगाने येणारी थरथर एकमेकांत विरते. यामाहाने 2009 च्या आर1 मोटरसायकलला चार सिलिंडरचा क्रॉसप्लेन क्रँक (पिना 90-90 अंशांवर) दिला तो याच विचाराने: पिस्टनच्या जडत्वाचे हिसके कमी झाले की थ्रॉटलची खरी ओढ चालवणाऱ्याच्या हाताला कळते.

स्ट्रोकची लांबी, म्हणजे पिस्टन वरून खाली किती धावतो, तीही क्रँकच ठरवतो. जुन्या 350 बुलेटचा स्ट्रोक 90 मिलिमीटर, म्हणजे क्रँकपिन मध्यापासून 45 वर. 5000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 15 मीटर होतो. 650 चा स्ट्रोक 67.8, म्हणून ती जास्त फिरू शकते.

उस्ताद निवडताना एवढंच बघा: तो क्रँक तुमच्या हाताने फिरवू देतो का? नुसते पाने उचलायला लावत असेल तर दुसरं गॅरेज शोधा. आणि 270 चं इंजिन जोडताना बॅलन्सर (थरथर मारणारा फिरता वजनदार दांडा) गिअरच्या खुणा जुळल्याशिवाय इंजिनची केस बंद करू नका. इंजिन सुरू होतं, म्हणून चूक लगेच कळत नाही. थरथर हँडलपर्यंत पोचली की सगळं पुन्हा उघडावं लागतं.