पीएचक्यू-9 चा सर्व्हे करताय? मग या चुका टाळा

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या मास्टर्सच्या) प्रोजेक्टपासून संस्थांच्या मोठ्या सर्व्हेपर्यंत आजकाल सगळीकडे पीएचक्यू-9 ही डिप्रेशनची (नैराश्याची) चाचपणी करणारी प्रश्नावली चालते. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, टोटल 27. भरायला सोपं आहे, घोळ होतो तो नंतर.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे स्कोअर 10 किंवा वर गेला की थेट "डिप्रेशन" लिहून मोकळं व्हायचं. अहो, ती नुसती चाळणी आहे, निदान डॉक्टर करतात. 2001 च्या मूळ अभ्यासात या कटऑफला सेन्सिटिव्हिटी (डिप्रेशन असलेल्यांपैकी किती जण सापडतात) आणि स्पेसिफिसिटी (नसलेल्यांपैकी किती जण बरोबर निगेटिव्ह येतात) दोन्ही 88 टक्के निघाल्या होत्या, ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब करून बघा. समजा 1000 जण तपासले आणि त्यातल्या 50 जणांना खरंच डिप्रेशन आहे. त्यातले 44 सापडतील, पण उरलेल्या 950 पैकी 12 टक्के म्हणजे 114 जण उगाचच पॉझिटिव्ह येतील. झाले 158. रिपोर्टमध्ये जातं "गावात 16 टक्के लोकांना डिप्रेशन", आणि खरा आकडा असतो 5 टक्के. त्यामुळे "स्क्रीन पॉझिटिव्ह" असंच लिहा, आणि जमलं तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्हीतले थोडे लोक निवडून त्यांची नीट क्लिनिकल मुलाखत घ्या.

दुसरी चूक जास्त महागात पडते. जास्त स्कोअरवाले निवडायचे, तीन महिने समुपदेशन करायचं, परत स्कोअर घ्यायचा, तो उतरला की "आमचा कार्यक्रम यशस्वी". पण माणूस सगळ्यात वाईट काळात असताना तुम्ही त्याला निवडलेलं असतं, त्यातले बरेच जण तसेही सावरतात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधली ट्रायल बघा, 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलेली. स्थानिक प्रशिक्षित समुपदेशकांची मदत मिळालेल्यांपैकी 64 टक्के तीन महिन्यांनी 10 च्या खाली आले, आणि ती न मिळालेल्या गटातलेही 39 टक्के आलेच की! म्हणजे फायदा झाला, पण तो या दोन आकड्यांमधल्या फरकाएवढा. कंट्रोल गट नसता तर सगळे 64 समुपदेशनाच्या खात्यात गेले असते. फंड देणाऱ्याला हे सांगायला जड जातं, माहितीये.

एक्सेलमध्ये रिकामा सेल राहिला आणि वर एसयूएम लावलं की उत्तर न देणारा माणूस आपोआप "ठणठणीत" होतो. आधी प्रत्येक ओळीत किती उत्तरं भरलीत ते काउंटने मोजा, मगच टोटल करा. आणि नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, तो कॉलम सर्व्हे करणाऱ्याच्या नावाप्रमाणे वेगळा काढून बघा. एखाद्याच्या सगळ्या फॉर्मवर तिथे 0 च 0 असेल तर समजा की एकतर त्याने विचारलंच नाही, नाहीतर ओट्यावर सासू शेजारी बसलेली असताना सुनेला विचारलंय, ती काय बोलणार!

याच प्रश्नाला 1, 2 किंवा 3 आला तर मात्र डेटा एंट्रीची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी त्या व्यक्तीशी कोण बोलणार, कुठे पाठवणार, हे सर्व्हे सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं हवं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर प्रत्येक सर्व्हेयरकडे पाहिजे.