तांब्यावरचा मिना का तडकतो? पेंडंट घडवताना या चुका टाळा

भट्टीतून काढलेले पेंडंट पूर्ण निवले होते, त्यावरचा निळा मिना नितळ बसला होता आणि दुसऱ्या दिवशी भाचीला द्यायचे म्हणून मी ते कापसात गुंडाळून ठेवणारच होते. रात्री ओटा आवरत असताना बाहेरच्या टेबलावरून ‘टक’ असा बारीक आवाज आला. जाऊन पाहिले, तर कडीच्या भोकापासून खालच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ उमटली होती. तेव्हा मी दोष आचेला दिला आणि पुढचे दोन नग कमी आचेवर भाजले, तेही तडकले. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी हे काम सुरू करून आता बरीच वर्षे झाली आहेत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली तडकलेले, बुडबुडे आलेले, काळवंडलेले नग घेऊन येतात, तेव्हा त्यांचाही पहिला संशय आचेवरच असतो. माझ्या अनुभवात मात्र बहुतेक दोष पत्रा भट्टीत जाण्याआधीच त्यात शिरलेला असतो.

मागची बाजू कोरी ठेवणे

मिना म्हणजे रंगीत काचेची पूड. ती साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला वितळते आणि धातूला घट्ट धरते. निवताना काच आणि तांबे दोन्ही आकसतात, पण तांबे काचेपेक्षा अधिक आकसते. मिना फक्त पुढच्या बाजूला असेल तर या ओढाताणीत पत्रा वाकतो, आणि काचेला वाकणे ठाऊक नसल्यामुळे ती तडकते. हा ताण लगेच मोकळा होईलच असे नाही. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी तडा दिसतो. माझ्या निळ्या पेंडंटचे हेच झाले होते.

यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे मागच्या बाजूलाही जवळपास तेवढ्याच जाडीचा मिना चढवणे. जयपूरच्या कुंदनाच्या दागिन्याची मागची बाजू पाहिली, तर पुढच्या खड्यांइतकेच देखणे मिनाकाम तिथे केलेले असते. आपल्या तांब्याच्या पेंडंटला मागे नक्षी नसली तरी चालेल, साधा एकरंगी थरही पुरेसा असतो. तो आधी द्यावा आणि भाजावा, मग पुढची बाजू पुन्हा स्वच्छ करून तिच्यावर काम करावे. दुसऱ्या भाजणीत मागचा मिना पुन्हा मऊ होतो, म्हणून नग सपाट जाळीवर न ठेवता फक्त कडांवर टेकेल अशा तिवईवर ठेवावा. नाहीतर जाळीची नक्षी त्यात कायमची उमटते.

पत्र्याची जाडीही महत्त्वाची असते. अर्ध्या मिलिमीटरच्या पातळ पत्र्यावर मिन्याचे चार थर चढवले, तर मागची बाजू भरूनही तो टिकेल याची खात्री देता येत नाही. पेंडंटसाठी मी ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरते आणि त्याला हलका फुगवटा देते, कारण फुगीर पत्रा सपाट पत्र्यापेक्षा कमी वाकतो. मात्र फुगवट्याच्या उतारावरून कोरडी पूड घसरते. त्यासाठी आधी अगदी पातळ डिंकाचा हात द्यावा. मिनाकामात बिहीदाण्याचा चिकट रस यासाठी पूर्वीपासून वापरला जातो, आणि बिहीदाणा काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतो. हा रस दाट झाला तर भाजताना त्याचेच बुडबुडे येतात, म्हणून तो पाण्यासारखाच पातळ ठेवावा.

चुकीचा धातू

जांभळी नाक्याच्या भांडी बाजारात किंवा मुंबईत तांबाकाट्याला पत्रा घ्यायला गेल्यावर पितळेचे तयार कापलेले गोल आणि पाने समोर येतात, आणि ती स्वस्त असल्याने मोह होतो. पितळेत जस्त असते. भट्टीच्या आचेत ते वाफ होऊन बाहेर पडू लागते, मिन्याखाली बुडबुडे धरते आणि काही दिवसांनी मिन्याचा पापुद्रा निघतो. शिवाय ती वाफ श्वासात जाणे घातक आहे. शंका असल्यास पत्र्याच्या कडेवर कानस फिरवावी. आतून गुलाबी तांबूस रंग निघाला तर तांबे, पिवळा निघाला तर पितळ. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते, त्यामुळे नेहमीचा मिना त्यावर चढतच नाही.

पत्रा ‘दिसायला’ स्वच्छ असणे

पॉलिश केलेला, चकाकणारा पत्रा स्वच्छच असतो, ही समजूत फार नग वाया घालवते. पत्रा आधी तापवून मऊ करावा, त्यावर आलेला काळा थर वाण्याकडच्या लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात सोडवावा, मग मऊ ब्रशने घासून नळाखाली धरावा आणि नीट पाहावे. पाणी थेंबाथेंबांनी गोळा होऊन मागे सरत असेल, तर त्या जागी अजून तेलाचा अंश आहे. सगळ्या पत्र्यावर पाण्याचा एकसंध पडदा राहिला तरच तो मिन्यासाठी तयार आहे. त्यानंतर पत्र्याला फक्त कडेने धरावे. अंगठ्याचा एक ठसासुद्धा तिथला मिना सोडवू शकतो. पावसाळ्यात तर सकाळी साफ केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत मलूल होतो, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी त्या दिवशी वापरायचे तेवढेच नग साफ करते.

ओल

दमट हवेमुळे होणारी ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती घाईतून होते. ओला मिना भरून झाला, वरून सुकलेला दिसला, की नग भट्टीत जातो. आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पूड उडून तांबे उघडे पडते. भट्टीच्या डोक्यावर किंवा शेगडीजवळ नग ठेवावा, पूड फिकट, कोरडी आणि खडूसारखी दिसू लागली, की त्यानंतरही थोडा वेळ थांबावे. पुडीच्या बरण्या घट्ट झाकणाच्या असाव्यात. पारदर्शक मिना धुरकट निघत असेल, तर पूड धुताना आलेले दुधाळ पाणी पूर्ण गेलेले नाही असे समजावे. पाणी स्वच्छ होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा धुवावी आणि शेवटचे पाणी डिस्टिल्ड असावे.

आचेबद्दल थोडक्यात सांगते. ८०० अंशांच्या आसपास लहान नगाला दोन-तीन मिनिटे पुरतात. पूड आधी साखरेसारखी, मग संत्र्याच्या सालीसारखी आणि शेवटी गुळगुळीत दिसते. सालीसारखा राहिला तर नग परत आत घालता येतो, पण कडा हिरव्या-काळ्या झाल्या तर तो जास्त भाजला गेला असे समजावे. टॉर्चने काम करणाऱ्यांनी ज्योत खालून द्यावी, मिन्यावर थेट मारू नये. पारदर्शक लाल रंग उघड्या तांब्यावर तपकिरी पडतो, त्यामुळे त्याखाली आधी रंगहीन मिन्याचा थर द्यावा. तापलेला नग लवकर निवावा म्हणून पाण्यात तर कधीच टाकू नये.

जुन्या पद्धतीच्या अनेक मिन्यांत शिसे असते. पूड चाळताना मास्क लावावा, ओटा ओल्या फडक्याने पुसावा, झाडू मारू नये, आणि या कामाच्या वाट्या-चमचे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. घरात लहान मूल असेल तर याबाबत कोणतीही सूट घेऊ नये.

कडी

इतके सगळे नीट झाल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत नग जातो तो कडीमुळे. कथलाचा डाख लावलेला पत्रा भट्टीत घालू नये, तो डाख मिन्याच्या आचेच्या किती तरी आधी वितळतो. भाजल्यावर डाख लावायला ज्योत धरली तर मिना तडकतो, आणि त्यात ड्रिलने भोक पाडायला गेले तर काच फुटतेच. म्हणून भोक अगदी सुरुवातीला, कोऱ्या पत्र्यात, कडेपासून किमान २ मिलिमीटर आत पाडावे, आणि प्रत्येक भाजणीआधी त्यात शिरलेली पूड सुईने काढावी. कडी उघडताना तिची टोके एकमेकांपासून ओढून लांब करू नयेत; दोन चिमट्यांनी एक टोक पुढे आणि एक मागे असे वळवावे, आणि तसेच परत वळवून बंद करावे. कडी भोकात सैल फिरली पाहिजे. भाचीसाठी नंतर केलेल्या पेंडंटला मी थोडी मोठी कडी घातली, कारण पहिली कडी भोकाच्या कडेवरच्या मिन्याला घासत होती.