प्रोग्राम बंद केला, पण मेमरीतलं गेलं का?

आमच्या ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर तिघं बसतो. पक्षकारांची रिटर्नं, पॅन नंबर, पासवर्ड, सगळं त्यातच. म्हणून रोज काम संपल्यावर विंडोज १० किंवा ११ वर हे करावं.

फुली दाबली म्हणजे प्रोग्राम बंद झालाच असं नाही. घड्याळाशेजारच्या बाणाखाली लपलेला असतो, तिथून एक्झिट करा. मग विंडोज आणि व्ही या कळा एकत्र दाबून क्लिपबोर्डची, म्हणजे कॉपी केलेल्या मजकुराची, यादी पुसा.

रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी. ती ‘साफ करणारी’ फुकट सॉफ्टवेअरं अजिबात घालू नका. सुटलेल्या मेमरीवर शून्यं लिहूनच विंडोज ती दुसऱ्या प्रोग्रामला देतं. ही मंडळी उलट चालू प्रोग्रामांची पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, रॅममधून हुसकतात आणि त्यातली बरीच डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅममधून काढलेलं विंडोज जिथे ठेवतं त्या फाइलमध्ये, जाऊन पडतात. तिजोरीतले कागद ओसरीवर आणून ठेवल्यासारखंच ते.

खरी मेख या पेजफाइलची. वीज गेली तरी ती डिस्कवर तशीच राहते. रजिस्ट्री एडिटर म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचा प्रोग्राम. त्यात एचकी लोकल मशीन (HKEY_LOCAL_MACHINE), सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर, मेमरी मॅनेजमेंट असं आत जा. तिथे ‘क्लिअर पेजफाइल अ‍ॅट शटडाऊन’ची किंमत ० असते, ती १ करा. बाकी कशालाही हात लावू नका.

मी इथेच थांबलो होतो आणि खुशीत होतो. मग एकदा लपलेल्या फाइली बघताना सी ड्राइव्हवर कित्येक जीबींची ‘हायबरफिल’ दिसली! हायबरनेट केलं, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन बंद केलं, की अख्खी मेमरी त्यात उतरते. फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन लवकर सुरू करायची सोय, चालू असेल तर साध्या शट डाऊनलाही विंडोजच्या गाभ्याची मेमरी तिथेच लिहिली जाते. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, एक स्पेस, ‘स्लॅश एच’, एक स्पेस, ‘ऑफ’ असं इंग्रजीत टाइप करा. फाइल जाते, फास्ट स्टार्टअपही जातं. लॅपटॉपवाल्यांनो, हायबरनेटही जाईल. स्लीपमध्ये बॅटरी संपली तर सेव्ह न केलेलं काम गेलंच समजा.

आता शट डाऊन करताना पेजफाइल पुसली जाते, म्हणून वेळ लागेल. पहिल्या आठवड्यात मी कंटाळून बोर्डाचं बटणच बंद करायचो, म्हणजे पेजफाइल अर्धवट पुसलेली. पडद्यावरचा गोल फिरतोय तोवर हात लावू नका. एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजचीच सोय, तीही लावा, कारण तिथे वरून शून्यं लिहिली तरी जुनी प्रत चिपमध्ये मागे राहू शकते.

वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद, कधी त्याहून जास्त टिकतो, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं; चिप गार केली तर आणखी. म्हणून पंखा थांबल्यावर मी दोन-तीन मिनिटं तिथेच असतो. तेवढ्यात चहाचे कप विसळून होतात.